कोकणात मॅग्लेव्ह कधी? आधी दिवा स्टेशनात जाऊन गाड्या मोज

प्रश्न चिपळूणच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाचा आहे. तो लिहितो, ‘‘मुंबई, ठाणे, पनवेल या पट्ट्यात एवढी कोंडी आहे. गणपतीत तर गाडीत पाय ठेवायला जागा नसते. मग दुसरी लाइन टाकत बसण्यापेक्षा एकदाच बुलेट ट्रेन किंवा मॅग्लेव्ह का आणत नाहीत? सावंतवाडी दीड तासात येईल. माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट यावरच आहे. अशा मार्गाची आखणी कशी करतात ते सांगाल का?’’

तीसेक वर्षं मी आखणीचंच काम केलं. सुरुवात कोकण रेल्वेच्या सर्व्हेत झाली, खांद्यावर थिओडोलाइटचं (कोन मोजायच्या यंत्राचं) तिकाटणं आणि पायाखाली काटेकुटे. पुढे मेट्रोची कामं केली, वेगवान गाड्यांचे अहवाल केले. त्यामुळे आधी उत्तर सांगून टाकतो, म्हणजे ज्याला पुढचं वाचायचं नाही तो मोकळा. मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकावर तरंगत जाणारी गाडी, नको. मुंबई–गोवा बुलेट आज मागण्यात अर्थ नाही. पण ‘आखणी कशी करायची’ हा प्रश्न बरोबर आहे. फक्त ती वेगापासून सुरू करायची नसते. गाडीचा वेळ नेमका कुठे जातो, तिथून सुरू करायची.

मुंबई–मडगाव वंदे भारत घे. २७ जून २०२३ ला सुरू झाली. सीएसएमटी ते मडगाव साधारण ५८० किलोमीटर, वेळ पावणेआठ तास. सरासरी निघते ताशी ७५. ही गाडी १६० ने धावू शकते. कोकण रेल्वेची आखणीसुद्धा मुळात १६० धरूनच केलेली आहे. वळणाची त्रिज्या १२५० मीटरच्या खाली जाऊ द्यायची नाही आणि चढ १५० ला १ पेक्षा कडक नको, हे आमच्या डोक्यात तेव्हा ठोकून बसवलं होतं. म्हणजे गाडीत वेग आहे, रुळाच्या आखणीतही आहे, आणि सरासरी मात्र ७५. पावसाळी वेळापत्रकात हीच गाडी दहा तासांच्या घरात जाते. आता मला सांग, ५०० ने धावणारी गाडी आणून यातलं काय सुटलं?

वेळ जातो तो मुंबईच्या टोकाला, सिंगल लाइनच्या क्रॉसिंगमध्ये, म्हणजे समोरची गाडी जाईपर्यंत थांबण्यात, आणि पावसात. क्रॉसिंग आणि पाऊस प्रत्येक कोकणी माणसाला ठाऊक आहे. मुंबईच्या टोकाचं गणित फारसं कुणी मांडत नाही, म्हणून तिथे जरा बसू.

समज, ६० किलोमीटरचा एक रूळ आहे आणि त्यावर लोकल धावतात. थांबत थांबत जाणाऱ्या लोकलची सरासरी ४० धर, तिला दीड तास लागतो. दर चार मिनिटांनी एक सोडता येते. आता त्याच रुळावर ८० सरासरीची एक्स्प्रेस घालायची आहे. ती पाऊण तासात पलीकडे पोचणार. वाटेत पुढच्या लोकलच्या शेपटाला टेकायचं नसेल तर ती लोकल सुटल्यावर ४५ मिनिटं थांबून एक्स्प्रेस सोडावी लागेल. तेवढ्या वेळात अकरा लोकल सुटल्या असत्या. एका एक्स्प्रेसपायी अकरा लोकल! आणि १२० सरासरीची गाडी आणलीस तर हा खड्डा एक तासाचा होतो, म्हणजे पंधरा लोकल. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये चार-साडेचार हजार माणसं कोंबलेली असतात. गुणाकार तूच कर.

प्रत्यक्षात मधल्या स्थानकांवर लोकल बाजूला घेता येते, काही पट्ट्यांत वेगळे रूळ आहेत, त्यामुळे हिशेब इतका भयंकर राहत नाही. पण तत्त्व हेच. रुळाची ताकद वेगाने नाही, वेगातल्या फरकाने खाल्ली जाते. आमच्या धंद्यात वेळापत्रकातल्या गाडीच्या या जागेला ‘पाथ’ म्हणतात. वेगवान गाडीचा पाथ गर्दीच्या मार्गावर फार महाग पडतो. म्हणून तर कल्याण-डोंबिवलीच्या लोकलवाल्याचा आणि कोकणच्या चाकरमान्याचा एकमेकांवर राग. दोघांचंही खरं आहे.

यावर उपाय एकच, वेगवेगळ्या वेगाच्या गाड्यांना वेगवेगळे रूळ. ठाणे–दिवा पाचवी-सहावी लाइन त्यासाठीच होती. ती २०२२ मध्ये सुरू झाली. कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीकडे तीच जोडी अजून रखडलेली आहे, कारण तिथे रुळाशेजारी रिकामी जागा नाही. इमारती आहेत, वस्त्या आहेत, जुने पूल आहेत. आणि दिवा स्टेशनाजवळचं फाटक! रस्त्यावरच्या एका फाटकाने मध्य रेल्वेच्या वेळापत्रकाचा किती घाम काढलाय हे डोंबिवलीकरांना विचार. कोकणची प्रत्येक गाडी इथेच मुख्य मार्ग सोडून पनवेलकडे वळते.

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा खर्च काढून लोक नाकं मुरडतात. पण त्या ५०८ किलोमीटरमध्ये आखणीवाल्याने बघण्यासारखा भाग म्हणजे पहिले २१ किलोमीटर. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत सलग बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. हौस म्हणून कुणी खाडीखाली जात नाही. वर जागाच उरलेली नाही. गर्दीच्या शहरात वेगवान मार्ग शिरवायचा तर असाच शिरवावा लागतो, आणि सगळा पैसा, सगळी वर्षं त्या टोकालाच जातात. वाटेत शेतांवरून उभे केलेले खांब त्यामानाने पोरखेळ. तिथे ४० मीटरची अख्खी तुळई यंत्राने उचलून खांबांवर ठेवतात आणि पुढे सरकतात.

ही बुलेट ट्रेन कोकणातूनच जाते, हे आपण विसरतो. ठाणे आणि पालघर कोकणात नाहीत का? तिचं ठाणे स्थानक होतंय दिव्याजवळच्या म्हातार्डीला. आपल्या गाड्या ज्या दिवा–पनवेल मार्गाने जातात तो तिथून फार लांब नाही. उद्या सुरतेहून येणाऱ्या माणसाला तिथे उतरून सामानासकट दहा मिनिटांत कोकणच्या गाडीत बसता येईल का? की रिक्षा शोधत, पूल चढत, दुसऱ्याच कुठल्या स्थानकावर जावं लागेल? मला विचारशील तर कोकणच्या दृष्टीने बुलेट ट्रेनचा हाच एक प्रश्न आज विचारण्यासारखा आहे.

आता मुंबईच्या दक्षिणेला वेगवान मार्ग टाकायचा म्हटलं तर काय होतं ते बघ. वेग दुप्पट केला की वळणाची त्रिज्या चौपट लागते. १६० साठी १२५० मीटर, तर ३२० साठी ५००० च्या वर. अहमदाबादच्या मार्गाला ६००० मीटर धरलेत. संगमेश्वर किंवा राजापूरच्या नकाशावर ६००० मीटर त्रिज्येची कमान ठेवून बघ. ती कुठल्याच खोऱ्याचं ऐकत नाही. डोंगर आला की बोगदा, नदी आली की पूल, आणि आपल्याकडे दोन्ही पाठोपाठ. आताची ७४१ किलोमीटरची कोकण रेल्वे नव्वदीच्या वर बोगदे आणि दोनेक हजार लहानमोठे पूल घेऊन उभी आहे. कारबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटर, पानवळचा पूल ६४ मीटर उंच. आणि हे सगळं नदी-डोंगरांचं शक्य तेवढं ऐकून केलेलं. शिवाय हे बोगदे बहुतेक एका रुळापुरते आहेत. त्यातून ३०० ने गाडी नेशील तर पुढची हवा जाणार कुठे? प्रवाशांच्या कानात दडे बसतील. म्हणजे प्रत्येक बोगदा नवा.

आणि थांबे. ३२० चा वेग गाठायला ढोबळमानाने १० किलोमीटरहून जास्त लागतात, नेहमीच्या ब्रेकने थांबायला ७-८. खेड ते चिपळूण तीसेक किलोमीटर, कणकवली ते कुडाळही जवळपास तेवढंच. गाडी वेग घेते न घेते तोच ब्रेक. प्रत्येक थांब्याला पाच-सहा मिनिटं जातात ती जातातच. अहमदाबादच्या मार्गाचा हिशेब बघ, मोजके थांबे घेणारी गाडी २ तास ७ मिनिटं आणि सगळ्या बारा स्थानकांवर थांबणारी २ तास ५८ मिनिटं. थांबे कमी केले की गाडी वेगवान होते, आणि जिच्या जमिनीवरून ती जाते त्या माणसाच्या उपयोगाची राहत नाही.

१९९१ ची गोष्ट. कणकवलीच्या पुढे आम्ही मध्यरेषेच्या खुंट्या मारत होतो. एका आजीच्या आमराईत सकाळी मारलेल्या सात खुंट्या दुपारी जेवून येईपर्यंत गायब. शोधल्या तर तिच्या चुलीपाशी, नीट जुडी करून ठेवलेल्या. मी चिडलो. तिने शांतपणे पाण्याचा तांब्या आणि गूळ पुढे ठेवला आणि विचारलं, ‘‘गाडी हय थांबतली काय रे?’’ मी म्हटलं, ‘‘नाही आजी, स्टेशन पुढे आहे.’’ ‘‘मगे माझी कलमां कित्याक तोडतास?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्टेशन तिच्या घरापासून काही कोसांवर झालं, त्यामुळे तिच्या नातवंडांना तरी गाडी मिळाली. बुलेटच्या अहवालात मी हा प्रश्न दोनदा मांडला. एकदा त्याचं उत्तर म्हणून वरच्या साहेबांनी नकाशावर प्रत्येक तालुक्याला एक स्टेशन काढून दिलं. प्रवासाचा वेळ मात्र तोच ठेवा म्हणाले! तो अहवाल कुठल्या कपाटात आहे देव जाणे.

माणसांचा हिशेबही बघावा लागतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्हा १६ लाखांचा, सिंधुदुर्ग साडेआठ लाखांचा. दोन्ही २००१ पेक्षा घटलेले. वेगवान मार्गाला वर्षाचे ३६५ दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, दोन्ही बाजूंनी भरलेल्या गाड्या लागतात. आपली गर्दी म्हणजे गणपती, शिमगा आणि मे महिना. तीही एका बाजूने भरलेली, दुसऱ्या बाजूने रिकामी. अशा लाटेला जास्त गाड्या हव्यात, जास्त डबे हवेत. सावंतवाडीला जायला वेटिंग चारशेवर गेलेल्या माणसाला ताशी ३२० शी काय करायचंय? त्याला बसायला जागा हवी.

मॅग्लेव्हकडे येतो. तत्त्व सुंदर आहे, वाद नाही. चाक-रुळाचा संबंधच नाही, गाडी चुंबकाने उचललेली, आणि मोटर गाडीत नसून मार्गातच पसरलेली. जर्मन पद्धतीत गाडी मार्गापासून जेमतेम एक सेंटिमीटर वर तरंगते, जपानी पद्धतीत दहा सेंटिमीटर. जपानी गाडीतले अतिवाहक चुंबक द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांवर ठेवावे लागतात. याच गाडीने २१ एप्रिल २०१५ ला यामानाशीच्या चाचणी मार्गावर ताशी ६०३ चा विक्रम केला.

मी बसलोय ते शांघायच्या गाडीत, २००८ साली. डब्यातल्या पाटीवर आकडा चढत चढत ४३१ वर गेला, सगळ्यांनी मोबाइल काढले, आणि अर्ध्या मिनिटात तो उतरायला लागला. तीस किलोमीटर, आठ मिनिटं. उतरलो तेव्हा शहराचा मध्य अजून लांबच होता. लाँगयांग रोडला बॅगा ओढत मेट्रोत बदललो आणि हॉटेलवर पोचेपर्यंत आठ मिनिटांच्या कितीतरी पट वेळ गेला. मार्ग शहराच्या पोटात नेलाच नाही. पुढे हांगचौपर्यंत नेण्याचा बेत होता. मार्गालगतच्या रहिवाशांनी २००८ च्या जानेवारीत विरोध केला आणि तो तसाच राहिला. २०२१ पासून गाडीचा वेगही ३०० वर आणला आहे. ३०० ने तर चाकांची गाडीही जाते!

मॅग्लेव्हचं खरं दुखणं हे आहे की ती कुणात मिसळत नाही. वंदे भारत उद्या गरज पडली तर मालगाडीच्या रुळावरून नेता येते. जपानची बुलेट ट्रेन, शिंकान्सेनही स्वतःचे रूळ मागते, पण रूळच मागते. मॅग्लेव्हला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवायचं तर अख्खी तुळई वाकवावी किंवा सरकवावी लागते. पहिला किलोमीटर बांधला तरी शेवटचा बांधेपर्यंत त्याचा उपयोग शून्य. रो-रोवर, म्हणजे मालगाडीच्या उघड्या डब्यांवर चढवून, ट्रक नेता येत नाहीत, आंब्याच्या पेट्या नेता येत नाहीत, कोळसा नेता येत नाही. कोकण रेल्वेचं पोट मात्र बरंचसं मालावर भरतं. शिवाय ३२० च्या ठिकाणी ५०० ने जायचं तर हवेचा विरोध अडीचपटीच्या आसपास, दर किलोमीटरला त्या मानाने वीजही जास्त लागते. नागोयाची लिनिमो, चांगशाची विमानतळ गाडी अशा कमी वेगाच्या मॅग्लेव्ह चालतात, पण जे काम मेट्रो करते तेच त्या करतात. आपल्याच शहरात चेंबूर–वडाळा मोनोरेल २०१४ मध्ये सुरू झाली. कुणाशी न जुळणारी एकांडी यंत्रणा आणली की सुटे भाग, दुरुस्ती आणि प्रवासी या तिन्हींची कशी ओढाताण होते ते मुंबईकरांनी बघितलंय.

टोकियो–नागोया मॅग्लेव्हची कथा मात्र प्रत्येक कोकणी माणसाने नीट ऐकावी अशी आहे. २८६ किलोमीटर, त्यातले ८६ टक्के बोगद्यात. काम २०१४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं, २०२७ ला गाडी धावायची होती. आता ती २०३४ च्या आधी येत नाही. अडलं कशावर? पाण्यावर. डोंगराखालचा बोगदा ओई नदीचं पाणी पळवील म्हणून शिझुओका प्रांताने वर्षानुवर्षं परवानगी अडवून धरली. आणि गिफू प्रांतातल्या मिझुनामीत २०२४ साली बोगद्याच्या कामाने विहिरींचं पाणी खाली गेलं. जपानसारख्या देशात. आपल्याकडे एप्रिलमध्ये वाडीची एकच विहीर जिवंत असते आणि ती डोंगरातल्या झऱ्यावर. तो झरा बोगद्यात उतरला तर ती वाडी कुठे जाणार?

पाण्याची दुसरी बाजू पावसाळ्यात दिसते. आपला जांभा स्पंजासारखा, पाणी पिऊन घेतो. त्याच्याखाली बऱ्याच ठिकाणी चिकणमातीचा थर असतो. पाणी तिथपर्यंत उतरलं की तो साबणासारखा होतो आणि वरचा अख्खा काठ खाली येतो. कटिंगच्या, म्हणजे डोंगर कापून केलेल्या वाटेच्या, उतारावर हाताने माती चोळून बघायची सवय मला तेव्हापासून लागली. बोटाला बुळबुळीत लागलं की समजायचं, इथे उतार अजून मोकळा करायला हवा. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दगडमातीने पन्नासावर माणसांचा जीव घेतला. पुढच्याच जूनमध्ये महाडजवळ मत्स्यगंधा घसरली. त्यानंतर उतार कापून पायऱ्या केल्या, जाळ्या लावल्या, वेग बांधून दिले. तरीही २०२४ च्या जुलैत एकाच आठवड्यात पेडण्याच्या बोगद्यात चिखलपाणी शिरलं आणि दिवाणखवटीपाशी दरड आली. मुसळधार पावसात ड्रायव्हरला ४० ने जायला सांगतात ते उगीच नाही. समोर काही दिसलं तर थांबता आलं पाहिजे. ३२० ने जाणाऱ्या गाडीला आणीबाणीचा ब्रेक मारला तरी थांबायला काही किलोमीटर लागतात. म्हणून वेगवान मार्ग कोकणात उघड्या कटिंगमधून नेता येत नाही. एकतर बोगदा, नाहीतर खांब. खर्च कुठे जातो ते कळलं?

क्रॉसिंगबद्दल एकच प्रसंग सांगतो. मागच्या मेमध्ये रात्रीच्या गाडीने गावी येत होतो. पहाटे साडेतीनला एका लहान स्टेशनात गाडी लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतली. बाहेर नुसता अंधार, काजूच्या झाडांचा वास, आणि फलाटावर हिरवा बावटा बगलेत मारून उभा असलेला एक माणूस. घड्याळ लावून बसलो. एकोणीस मिनिटांनी समोरची गाडी धाडधाड गेली. मी त्या माणसाला विचारलं, ‘‘लेट होती का हो ती?’’ ‘‘नाय ओ, टायमातच हाये. तुमचीबी टायमातच हाये.’’ दोन्ही गाड्या वेळेवर आणि तरी एकोणीस मिनिटं! सिंगल लाइन म्हणजे हेच. उशीर वेळापत्रकातच छापलेला असतो.

रोहा ते वीर ४७-एक किलोमीटरची दुसरी लाइन २०२१ मध्ये झाली. पुढे वेरवली, खारेपाटण रोड, अचिर्णे अशी नवी क्रॉसिंगची स्थानकं झाली. विजेचं काम २०२२ मध्ये पुरं झालं. बाकी दुसरी लाइन कागदावर. मी असतो तर तुकड्यातुकड्याने, पण हिशेबाने टाकली असती. वीर ते चिपळूण आणि कणकवली ते सावंतवाडी आधी, कारण तिथे गर्दी जास्त उतरते. मोठ्या बोगद्यांचा पट्टा शेवटी. पण त्याच्याही आधी मुंबईचं टोक. पनवेलला पुरेसे फलाट द्या आणि निम्म्या कोकणच्या गाड्या तिथूनच सोडा. नवी मुंबईचा विमानतळही आता त्याच बाजूला आहे. दिव्याला कोकणची गाडी लोकलचे रूळ न छेदता वरून नेणारा पूल द्या. ‘आम्हाला दादरच पाहिजे’ म्हणून माझ्या वाडीतलेच लोक मला शिव्या घालतील, ठाऊक आहे. घालू देत.

एक गोष्ट मात्र बुलेटवाल्यांकडून उचलावी. त्यांनी साडेसतरा मीटर रुंदीची पट्टी आधी आखून घेतली. आपण निदान पनवेल ते माणगाव अशी पट्टी आज नकाशावर राखून ठेवू शकतो, तिथे उद्या इमारती उठायच्या आत. गाडी कुठली येईल ते तीस वर्षांनी ठरू दे.

तुझ्या प्रोजेक्टचं म्हणशील तर मॅग्लेव्हचं नाव काढून टाक. गणपतीच्या आदल्या आठवड्यात दोन मित्र घे, दिव्याला फलाटावर पहाटे चार ते सकाळी दहा बसा. कोकणची प्रत्येक गाडी सिग्नलला किती मिनिटं थांबली आणि तेवढ्यात किती लोकल गेल्या किंवा अडकल्या, एवढंच वहीत लिहा. तीन दिवस पुरेत. छत्री आणि जाड वही न्या, मोबाइलवर टिपत बसलात तर पावसात बोटं चालत नाहीत. आकडे जमले की मला पाठव, पाथचा तक्ता कसा काढायचा ते मग सांगतो.